ग्रंथशिल्पी विल्यम मॉरिस

ग्रंथ हा ज्ञानाचा वाहक आहे, हे सर्वमान्य आहे. तथापि ग्रंथ ही हाताने घडविलेली एक वस्तूही आहे, याचा विसर पडतो. तिला कागद असतो, शाई असते, अक्षराचे वळण असते, समास असतो, बांधणी असते. ही सारी अंगे निगुतीने जुळून आली तर ग्रंथ चित्राच्या किंवा मूर्तीच्या तोडीची कलाकृती ठरतो. शास्त्रभांडारातील सचित्र कल्पसूत्राच्या, सोनेरी शाईने लिहिलेल्या पोथ्या ज्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

छपाईचे यंत्र आले आणि ग्रंथ घरोघरी पोहोचला, हा मोठाच लाभ झाला. परंतु त्याबरोबर ग्रंथाचे देखणेपण मात्र हरपत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील पुस्तके फिकट शाईत, बारीक व किरट्या अक्षरांत आणि लवकर पिवळ्या पडणाऱ्या कागदावर छापली जात. अशा काळात एका गृहस्थाने छापील ग्रंथाला पुन्हा कलेचे स्थान मिळवून दिले. त्यांचे नाव विल्यम मॉरिस. विशेष म्हणजे ते पेशाने मुद्रक नव्हते. कापड, गालिचे आणि भिंतीवर लावावयाचे नक्षीदार कागद तयार करून विकणे हा त्यांचा व्यवसाय होता. वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांनी छापखाना काढला आणि अवघ्या पावणेसहा वर्षांत जगाच्या ग्रंथनिर्मितीला नवे वळण दिले.

बालपण व शिक्षण

विल्यम मॉरिस यांचा जन्म दि. २४ मार्च १८३४ रोजी लंडननजीकच्या वॉल्थमस्टो येथे एका सधन कुटुंबात झाला. त्यांचे वडील लंडनच्या पेढ्यांच्या बाजारात हुंड्यांचा व्यवहार करीत. डेव्हन परगण्यात तांब्याची एक खाण नव्याने निघाली होती. वडिलांनी तिचे प्रत्येकी १ पौंड किमतीचे २७२ शेअर घेतले. खाणीत विपुल तांबे लागले आणि त्या शेअरांचे भाव आभाळाला भिडले. वडील १८४७ साली अकाली निवर्तले, तरी कुटुंबाला पैशाची ददात पडली नाही. सज्ञान होताच मॉरिस यांना वर्षाकाठी सुमारे ९०० पौंडांचे उत्पन्न मिळू लागले.

एवढी मिळकत असलेल्या तरुणाने आयुष्यभर बसून खाल्ले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती. मॉरिस यांची घडणच निराळी होती. हाताला काम नसले की त्यांना चैन पडत नसे.

१८५३ साली ते ऑक्सफर्डला दाखल झाले. धर्मोपदेशक व्हावयाचे, असा तेव्हा त्यांचा मानस होता. तेथे एडवर्ड बर्न-जोन्स या समवयस्क विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जडली, ती अखेरच्या श्वासापर्यंत टिकली. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात मध्ययुगातील सुशोभित हस्तलिखिते होती. दोघे मित्र ती तासन्‌तास न्याहाळीत. १८५५ च्या उन्हाळ्यात दोघांनी उत्तर फ्रान्सचा प्रवास केला व तेथील प्राचीन प्रार्थनामंदिरे पाहिली. त्या प्रवासातच त्यांचा निश्चय झाला. बर्न-जोन्स यांनी चित्रकार व्हावयाचे ठरविले, तर मॉरिस यांनी वास्तुकलेकडे वळावयाचे. वास्तुविशारदाच्या कचेरीत मात्र मॉरिस वर्षभरही रमले नाहीत. तेथे लाभलेला फिलिप वेब यांचा स्नेह हीच त्या काळाची खरी कमाई होती.

घरातून उभा राहिलेला व्यवसाय

१८५९ साली मॉरिस यांचा विवाह जेन बर्डन यांच्याशी झाला. नव्या संसारासाठी वेब यांनी लंडनच्या आग्नेयेस बेक्स्लीहीथ येथे लाल विटांचे एक घर बांधून दिले. ते घर 'रेड हाउस' या नावाने आजही प्रसिद्ध आहे. घर उभे राहिले, परंतु त्यात ठेवण्याजोगे सामान बाजारात मिळेना. टेबले, पडदे, काचा, दिवे, जे पाहावे ते बोजड, भपकेबाज आणि निर्जीव होते. तेव्हा मित्रमंडळींनी मिळून सारे सामान स्वतःच तयार केले. त्यातूनच १८६१ साली भागीदारीची पेढी जन्मास आली. १८७५ साली ती भागीदारी मोडली. कटू वाटाघाटींनंतर तीन भागीदारांना प्रत्येकी १,००० पौंड देऊन मॉरिस यांनी सारा कारभार एकट्याच्या अंगावर घेतला व पेढीचे नाव 'मॉरिस अँड कंपनी' झाले. १८७७ साली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पेढीचे दुकान थाटले गेले.

मालाची प्रत हा मॉरिस यांचा ध्यास होता. ज्या कामाचा माल विकावयाचा, ते काम मालकाला स्वतःच्या हाताने करता आले पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. विणकाम शिकण्यासाठी त्यांनी आपल्या शयनगृहात माग बसविला व भल्या पहाटे उठून त्यावर काम केले. १८७९ साली विणलेल्या पहिल्या चित्रपटाला किती वेळ लागला, याची त्यांनी रोजच्या रोज नोंद ठेवली. तो हिशेब ५१६ तासांचा भरला.

रंगाच्या बाबतीत त्यांची निष्ठा आणखी कडक होती. १८५६ साली विल्यम पर्किन यांनी कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग शोधून काढला आणि पाहता पाहता बाजार रासायनिक रंगांनी भरून गेला. हे रंग भडक होते आणि त्यांतील बरेचसे उन्हाने उडत. मॉरिस यांनी त्यांकडे पाठ फिरविली व वनस्पतींपासून रंग काढण्याची मागे पडलेली विद्या पुन्हा हस्तगत करावयाचे ठरविले. लीक या गावी थॉमस वॉर्डल हे नामांकित रंगारी होते. हिंदुस्थानातील टसर रेशमाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. १८७५ पासून मॉरिस त्यांच्या कारखान्यात जाऊन राहू लागले, जुने ग्रंथ उघडून कृती पडताळू लागले आणि निळीच्या टाकीत स्वतः कापड बुचकळू लागले. त्या दिवसांत त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असत.

१८८१ साली लंडनच्या दक्षिणेस मर्टन ॲबी येथे वँडल नदीच्या काठी त्यांनी स्वतःचा कारखाना सुरू केला. तेथे सबंध कापड आधी निळीत रंगवीत. मग नक्षीच्या ठशाने रंग काढणारे द्रव्य छापून हवी तेवढी जागा पांढरी करीत आणि त्या जागी मंजिष्ठेचा तांबडा व वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा रंग भरीत. १८८३ साली निघालेली त्यांची 'स्ट्रॉबेरी थीफ' ही नक्षी याच रीतीची आहे. बागेतील फळे चोरून खाणाऱ्या पक्ष्यांची ही नक्षी आजही पडद्यांवर व कपड्यांवर छापली जाते.

ही सारी हकीकत सांगण्याचे कारण असे की, मॉरिस यांच्या ग्रंथकलेची बैठक याच कापडाच्या व रंगाच्या अनुभवात आहे. पोत, वीण, किनार आणि पक्का रंग या चार गोष्टींची जी पारख त्यांना कापडात आली, तीच त्यांनी पुढे ग्रंथाच्या पानाला लावली.

ग्रंथाची ओढ

मॉरिस हे त्या काळातील मान्यवर कवीही होते. 'द अर्थली पॅराडाइज' हे त्यांचे दीर्घ काव्य १८६८ ते १८७० या काळात प्रसिद्ध झाले व लोकप्रिय ठरले. हे काव्य सचित्र काढावे, असा दोघा मित्रांचा बेत होता. बर्न-जोन्स यांनी चित्रे काढली. चाळीसहून अधिक लाकडी ठसे तयार झाले व त्यांतील बरेचसे मॉरिस यांनी स्वतः कोरले. नमुन्याची पाने छापून पाहिली तेव्हा मात्र मेळ जमेना. चित्राची रेषा ठसठशीत, तर बाजारात मिळणाऱ्या खिळ्यांचे अक्षर नाजूक व फिके. भरजरी पदराला विरविरीत कापड जोडावे, तसे ते पान दिसू लागले. बेत सोडून द्यावा लागला व काव्य चित्रांविना निघाले.

हे अपयश मॉरिस यांच्या मनात वीस वर्षे राहिले. १८७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी लेखणी हाती घेऊन मध्ययुगीन लिपिकारांप्रमाणे हस्तलिखिते तयार केली. बर्न-जोन्स यांच्या पत्नी जॉर्जियाना यांच्यासाठी त्यांनी १८७० साली स्वतःच्या कवितांचे एक सुशोभित हस्तलिखित केले. १८७२ साली उमर खय्यामच्या रुबायांचे हस्तलिखित पूर्ण झाले. यांतील पहिले आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, तर दुसरे ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहे.

याच काळात घरात दुःखही आले. थोरली कन्या जेनी हिला १८७६ साली फेफऱ्याचा विकार जडला व तो कायमचा राहिला. मॉरिस यांनी या लेकीची माया अखेरपर्यंत जपली.

श्रीमंतांचा दुकानदार की श्रमिकांचा मित्र?

मॉरिस यांच्या आयुष्यात एक पेच होता आणि तो त्यांना स्वतःला पुरेपूर जाणवत होता. हाताने केलेला उत्तम माल महाग पडतो. म्हणून त्यांचे पडदे व गालिचे धनिकांच्याच हवेल्यांत जात. उलट त्यांची धारणा अशी की कला ही मूठभर लोकांची मिरास असता कामा नये आणि आनंदाने केलेले काम हा प्रत्येक श्रमिकाचा हक्क आहे. १८८३ साली त्यांनी उघडपणे समाजवादी चळवळीत प्रवेश केला. थंडीपावसात रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून ते भाषणे देत, 'कॉमनवील' हे पत्र चालवीत आणि त्याच्या खर्चाला पदरचा पैसा घालीत. टेनिसन यांच्या निधनानंतर १८९२ साली राजकवीपदासाठी त्यांच्याकडे विचारणा झाली. तो मान त्यांनी नाकारला.

हा पेच त्यांच्या छापखान्यालाही पुढे चुकला नाही.

केल्मस्कॉट प्रेस

दि. १५ नोव्हेंबर १८८८ रोजी लंडनमध्ये एमरी वॉकर या शेजारी मित्राचे मुद्रणकलेवर व्याख्यान झाले. वॉकर यांनी पंधराव्या शतकातील ग्रंथांची पाने दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखविली. चारशे वर्षांपूर्वीचे ते अक्षर एवढ्या मोठ्या आकारात मॉरिस यांनी प्रथमच पाहिले. घरी परततानाच त्यांचा विचार पक्का झाला. खिळे स्वतःच तयार करावयाचे. वॉकर यांनी भागीदारी नम्रपणे नाकारली, परंतु सल्लागार म्हणून ते पावलोपावली बरोबर राहिले.

मॉरिस यांनी आदर्श म्हणून इ. स. १४७० च्या सुमारास व्हेनिस येथे काम करणाऱ्या निकोलस जेन्सन या मुद्रकाचे अक्षर निवडले. त्या अक्षरांची मोठी छायाचित्रे करून ती त्यांनी पुनःपुन्हा गिरविली. वळण हातात बसल्यावर मूळ बाजूला ठेवून आपले स्वतंत्र अक्षर काढले. ते छायाचित्राने लहान करून पाहिले, दुरुस्त केले, पुन्हा लहान केले. मग एडवर्ड प्रिन्स या कारागिराने त्याचे पोलादी पंच कोरले. हाच 'गोल्डन' टाइप होय. पुढे मध्ययुगीन जर्मन धर्तीचा 'ट्रॉय' टाइप व त्याचाच लहान आकार असलेला 'चॉसर' टाइपही तयार झाला.

कागदासाठी त्यांनी इटलीत इ. स. १४७३ च्या सुमारास बनलेल्या एका कागदाचा नमुना पुढे ठेवला. लाकडाच्या लगद्याचा कागद त्यांना नको होता. केंट परगण्यातील जोसेफ बॅचलर यांच्या गिरणीत केवळ लिननच्या चिंध्यांपासून हाताने कागद बनविण्यात आला. मॉरिस स्वतः गिरणीत गेले व त्यांनी स्वहस्ते काही ताव काढून पाहिले. जीर्ण वस्त्रापासून कागद आणि त्या कागदापासून ग्रंथ, असा हा प्रवास होता. कापडाच्या व्यापाऱ्याच्या हातून तो घडावा, हे समर्पकच म्हटले पाहिजे. मनासारखी काळीभोर शाई इंग्लंडमध्ये मिळेना, तेव्हा ती जर्मनीतील हॅनोव्हरहून मागविली गेली. काही मोजक्या प्रती मात्र वेलमवर, म्हणजे कमावलेल्या वासराच्या कातड्यावर छापल्या जात. युरोपातील जुन्या लिपिकारांची ती प्रथा होती. अहिंसेचे संस्कार असलेल्या मनाला ती रुचणारी नाही. बहुसंख्य प्रती मात्र कागदाच्याच होत्या.

जानेवारी १८९१ मध्ये हॅमरस्मिथ येथे, राहत्या घराजवळील एका लहानशा घरात हाताने चालविण्याचे लोखंडी 'अल्बियन' यंत्र बसले. आपल्या आवडत्या खेड्याच्या नावावरून मॉरिस यांनी छापखान्याला 'केल्मस्कॉट प्रेस' असे नाव दिले. 'द स्टोरी ऑफ द ग्लिटरिंग प्लेन' हे त्यांचेच कथापुस्तक त्याच वर्षी सर्वप्रथम निघाले. त्याच्या कागदावरील प्रती २०० व वेलमवरील ६ होत्या.

पानाचे शास्त्र

मॉरिस यांच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य केवळ नक्षीत आहे, असा अनेकांचा समज होतो. वास्तविक त्यांचा पहिला भर नक्षीवर नव्हता. नक्षी नसली तरी केवळ अक्षरांच्या मांडणीने पान सुंदर दिसले पाहिजे, असे ते मानीत. त्यासाठी त्यांनी काही नियम घालून घेतले.

पहिला नियम असा की, ग्रंथाचे एकक एक पान नसून उघडलेल्या ग्रंथातील समोरासमोरची दोन पाने होत. वाचकाच्या डोळ्यांना ती एकदमच दिसतात, म्हणून त्यांची मांडणी एकत्रितपणे करावयाची.

दुसरा नियम समासाचा. बांधणीकडील आतला समास सर्वांत अरुंद, वरचा त्याहून रुंद, बाहेरचा आणखी रुंद आणि खालचा सर्वांत रुंद, अशी चढती मांडणी असावी. प्रत्येक वाढ साधारण एक पंचमांशाची. असे केले की दोन्ही पानांवरील मजकूर एकमेकांजवळ येतो व धरावयाला अंगठ्यापुरती जागाही राहते.

तिसरा नियम विणीचा. दोन शब्दांमधील व दोन ओळींमधील जागा गरजेपुरतीच ठेवावयाची. ही जागा सैल सोडली की पानावर पांढऱ्या भेगा पडतात. विरळ विणीचे कापड जसे अंगावर बसत नाही, तसे विरळ जुळणीचे पान डोळ्यांत भरत नाही.

या भक्कम पायावर मग नक्षी येत असे. द्राक्षवेली, पाने व फुले यांनी भरलेल्या चौकटी, मोठी आद्याक्षरे, शीर्षकपृष्ठे, अशा सहाशेहून अधिक आकृती मॉरिस यांनी स्वतः रेखाटल्या. त्यांचे लाकडी ठसे निष्णात कारागिरांनी कोरले. काठ कापडापासून वेगळा वाटू नये, त्याच धाग्यातून तो उमललेला दिसावा, हे तत्त्व या चौकटींतही दिसते. अक्षराची जाडी आणि वेलीच्या रेषेची जाडी त्यांनी एकमेकींशी बेताने जुळविली. वीस वर्षांपूर्वी न जमलेला मेळ असा जमून आला.

चॉसरचा महाग्रंथ

चौदाव्या शतकातील इंग्रजी महाकवी चॉसर यांच्या समग्र वाङ्मयाचा ग्रंथ हा केल्मस्कॉट प्रेसचा कळस होय. बर्न-जोन्स यांनी त्यासाठी ८७ चित्रे काढली. शीर्षकपृष्ठ, १४ मोठ्या चौकटी, चित्रांभोवतीच्या १८ किनारी आणि २६ मोठे आद्यशब्द मॉरिस यांच्या हातचे आहेत. ५५६ पृष्ठांच्या या ग्रंथाची छपाई दि. ८ ऑगस्ट १८९४ रोजी सुरू झाली व २१ महिन्यांनी, दि. ८ मे १८९६ रोजी संपली.

प्रारंभी ३२५ प्रती काढण्याचा विचार होता. मागणी वाढल्याने ही संख्या ४२५ करण्यात आली. कागदावरील प्रतीची किंमत २० पौंड, तर वेलमवरील १३ प्रतींपैकी विक्रीच्या प्रतीची किंमत १२० गिनी, म्हणजे १२६ पौंड होती. कागदावरील ४२५ प्रतींचे मूल्यच ८,५०० पौंड होते. ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच कागदावरील सर्व प्रतींची नोंदणी झाली होती. यावरून मॉरिस यांना व्यवहाराची जाण किती होती, हे ध्यानात येते. उत्तम माल ठरलेल्या संख्येत काढावयाचा, आगाऊ नोंदणी घ्यावयाची आणि दिलेला शब्द पाळावयाचा, ही जुन्या सचोटीच्या पेढीची रीत त्यांनी छापखान्यातही राखली.

परंतु पेच कायम होता. त्या काळी साध्या मजुराची आठवड्याची कमाई एका पौंडाच्या आसपास असे. म्हणजे चॉसरच्या एका प्रतीला त्याची वीस आठवड्यांची मजुरी पडली असती. समतेचा पुरस्कर्ता असे ग्रंथ काढतो कसा, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला आणि आजही विचारला जातो. मॉरिस यांनी तो कधी टाळला नाही. समाजाची घडी नीट बसली तर प्रत्येक रस्त्याच्या कोपऱ्यावर सार्वजनिक ग्रंथालय असेल व उत्तमोत्तम ग्रंथ सर्वांना पाहता-वाचता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रंथ खासगी कपाटात दडवून ठेवण्याची वस्तू नव्हे, ही त्यामागील भावना. अल्प किमतीचा प्रयत्नही त्यांनी करून पाहिला. १८९३ साली कलाप्रदर्शनात लोकांसमोर यंत्र चालवून त्यांनी गॉथिक वास्तुकलेवरील आपले व्याख्यान पुस्तकरूपाने छापले. त्याच्या १,५०० प्रती निघाल्या व किंमत केवळ अडीच शिलिंग होती. तरीही हा पेच पुरता सुटला नाही, हे मान्य केले पाहिजे. उत्तम काम आणि सर्वांना परवडणारी किंमत यांचा मेळ घालणे त्यांना जमले नाही. आपल्या परीने त्यांनी दोन्ही टोके धरून ठेवली, हेच त्यांचे मोठेपण.

अखेरचे दिवस

दि. २ जून १८९६ रोजी चॉसर ग्रंथाच्या बांधून तयार झालेल्या पहिल्या दोन प्रती आल्या. एक मॉरिस यांच्यासाठी व दुसरी बर्न-जोन्स यांच्यासाठी होती. चाळीस वर्षांपूर्वी ज्या दोन विद्यार्थ्यांनी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात जुनी हस्तलिखिते एकत्र पाहिली होती, त्यांच्याच हातांत त्या प्रती पडल्या. बर्न-जोन्स यांनी या ग्रंथाला छोटेखानी प्रार्थनामंदिराची उपमा दिली होती.

मॉरिस यांची प्रकृती तोवर पार ढासळली होती. हवापालटासाठी त्यांनी नॉर्वेचा जलप्रवास केला, पण उतार पडला नाही. दि. ३ ऑक्टोबर १८९६ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी हॅमरस्मिथ येथील राहत्या घरी त्यांनी देह ठेवला. दहा माणसांचे काम एकट्याने केल्याने हे आयुष्य लवकर संपले, असे निदान एका डॉक्टरांनी केल्याचे सांगितले जाते. केल्मस्कॉट खेड्यात त्यांचा अंत्यविधी झाला. त्या दिवशी वादळी पाऊस होता. फांद्यापानांनी सजविलेल्या एका साध्या शेतगाडीतून त्यांची अंत्ययात्रा निघाली.

चिटणीस सिडनी कॉकरेल यांनी हाती घेतलेली कामे पूर्ण करून १८९८ साली छापखाना बंद केला. मॉरिस यांनी केल्मस्कॉट प्रेसमागील आपला हेतू विशद केलेले टिपण हेच छापखान्याचे शेवटचे पुस्तक ठरले. सात वर्षांत एकूण ५३ ग्रंथ निघाले. त्यांच्या प्रती सुमारे १८,००० होत्या.

वारसा

आकड्यांच्या हिशेबाने हे काम लहान वाटेल. तथापि त्याचा परिणाम दूरवर पोहोचला. केल्मस्कॉटच्या प्रेरणेने इंग्लंड, जर्मनी व अमेरिका येथे अनेक खासगी छापखाने निघाले. व्यापारी प्रकाशकही चांगला टाइप, योग्य समास व टिकाऊ कागद यांचा विचार करू लागले. चॉसर ग्रंथासाठी वापरलेले एक यंत्र पुढे अमेरिकेत गेले व २०१३ साली रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने लिलावात ते विकत घेतले.

या वारशाचा एक धागा थेट जैन ग्रंथपरंपरेपर्यंत येऊन पोहोचतो. केल्मस्कॉट प्रेस बंद झाल्यावर तेथील यंत्रे सी. आर. ॲशबी यांच्या एसेक्स हाउस प्रेसकडे गेली. कोलंबोत जन्मलेले थोर कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी हे मॉरिस यांच्या विचारांचे अनुयायी होते. याच छापखान्यात त्यांनी १९०८ साली सिंहली कलेवरील आपला ग्रंथ छापून घेतला. पुढे कुमारस्वामी अमेरिकेतील बोस्टन येथील कलासंग्रहालयात रुजू झाले आणि १९२४ साली त्यांनी तेथील जैन चित्रे व हस्तलिखिते यांची सूची प्रसिद्ध केली. कल्पसूत्राच्या पोथ्यांची कला पाश्चात्त्य अभ्यासकांपुढे आणणाऱ्या आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथांत या सूचीची गणना होते. ज्याची दृष्टी मॉरिस यांच्या विचारांवर पोसली गेली होती, त्या विद्वानाला आपल्या पूर्वजांनी लिहविलेल्या पोथ्यांचे मोल कळावे, हा योगायोग खचितच नव्हे.

आज ग्रंथ संगणकाच्या पडद्यावर वाचले जातात आणि जुन्या पोथ्या कपाटात कसरीच्या भक्ष्यस्थानी पडतात. मॉरिस यांचे चरित्र अशा वेळी एक साधी गोष्ट ध्यानात आणून देते. ज्ञानाविषयी आदर असेल, तर ते ज्ञान धारण करणाऱ्या वस्तूविषयीही आदर असला पाहिजे. कागद चोख असावा, शाई पक्की असावी, अक्षर सुवाच्य असावे आणि काम करणाऱ्याच्या हाताला त्या कामाचा आनंद असावा. घरातील एखादी जुनी पोथी बाहेर काढून, तिची धूळ झाडून, ती नव्या वेष्टनात बांधून ठेवली, तरी या ग्रंथशिल्पीला ती यथोचित आदरांजली ठरेल.

विल्यम मॉरिस यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!